ओठात एक, पोटात एक

शब्बाथची जेवणे उरकून चहाचे पेले हातात आले, की आपल्या घरांतून नोकरीच्या गोष्टी निघतात. पगार, पाळ्या, सुट्या, वरिष्ठांचे लहरी स्वभाव ह्यांविषयी बोलून झाले म्हणजे गाडी हटकून एका स्थानकावर येऊन थांबते. ‘‘तोंडावर किती गोड बोलतो हो, आणि पाठ वळली की पाहा!’’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी तीन निरनिराळ्या घरांत ऐकले.

एक आपल्यातलीच बाई, वृद्धाश्रमात काम करणारी. तिची सोबतीण रोज स्वतःच्या हाताने तिला कॉफी करून देई, मुलाबाळांची चौकशी करी, आणि मुख्य परिचारिकेकडे जाऊन ‘ही रात्रपाळीत डुलक्या घेते’ असे सांगे. दुसरे एक गृहस्थ, कारखान्यात वीस वर्षे एकाच यंत्रावर. ज्या पोराला त्यांनी हाताला धरून काम शिकविले, तोच बिघडलेल्या मालाचा डबा तपासणीला गेला की ह्यांचे नाव सांगून मोकळा होई. तिसरा संगणकावर काम करणारा तरुण. त्याची कल्पना जेवणाच्या टेबलावर ‘वा, वा’ म्हणत ऐकून घेणाऱ्या मित्राने दुसऱ्या दिवशी बैठकीत ती आपलीच म्हणून मांडली.

तिघांनाही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकच सल्ला दिला. ‘‘जाऊ दे. आपण बरे, आपले काम बरे. तूही हसून बोल, आणि मनात ओळखून राहा.’’

हा सल्ला आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. त्यात शहाणपण नाही असे मी म्हणणार नाही. नवा देश, नवी भाषा आणि घरात खाणारी सहा तोंडे, अशा वेळी भांडण परवडत नाही, हे १९५०-६० च्या दशकांत नेगेवच्या वसाहतींत येऊन पडलेल्या आपल्या मंडळींइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु त्या सल्ल्याचे शेवटचे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. हसून बोल, आणि मनात ओळखून राहा. म्हणजे तूही ओठात एक ठेव आणि पोटात एक ठेव! ज्या रोगाची तक्रार, तोच रोग औषध म्हणून घ्यावयाचा? दुतोंडी माणसाबरोबर रोज आठ तास काढावयाचे आणि तरीही आपले तोंड एकच ठेवावयाचे, हे शक्य आहे काय, एवढाच प्रश्न मला येथे विचारावयाचा आहे.

आधी त्या शब्दाविषयी थोडेसे. महाराष्ट्रात मांडूळ नावाचा साप आहे. त्याला दोन तोंडे असतात, सहा महिने तो ह्या तोंडाने चालतो आणि सहा महिने त्या तोंडाने, असे आपण लहानपणी ऐकलेले आहे. प्रत्यक्षात मांडुळाला तोंड एकच असते. त्याची शेपटी बोथट, डोक्यासारखी दिसणारी. भीती वाटली की तो वेटोळे करून खरे डोके खाली दडवितो आणि शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव बसलाच तर शेपटीवर बसावा. विषारी तर तो मुळीच नाही. (गुप्तधनाच्या आणि काळ्या जादूच्या वेडापायी ह्या गरीब जिवाला धरून चोरून विकणारे लोक आजही आहेत, आणि त्याला दुतोंडी म्हणणारेही तेच!) तेव्हा आपल्या भाषेने हा शब्द घडविला तेव्हा नकळत एक खरी गोष्ट सांगून ठेवली असे मला वाटते. दुसरे तोंड हे बहुधा भ्यालेल्या प्राण्याचे असते.

कामाच्या जागी माणूस कशाला भितो? ह्या देशात नोकरी केलेल्यांना ‘क्वियूत’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. कायम नोकरीचा तो शिक्का बसेपर्यंत माणूस कसा वागतो आणि बसल्यानंतर कसा वागतो, हे मी शाळांच्या शिक्षकखोलीत तीस-बत्तीस वर्षे पाहिले. मे महिना जवळ आला, पुढच्या वर्षी कोणाला ठेवणार आणि कोणाला नारळ देणार ह्याची कुजबुज सुरू झाली, की एरवी भली असणारी माणसेही मुख्याध्यापकांच्या दाराशी घुटमळू लागत. कारखान्यात पाळ्यांची यादी लावण्याच्या दिवशी हेच. शुक्रवारची दुपार कोणाला सुटी आणि कोणाला काम, हे ज्याच्या हातात, त्याच्या कानाशी गर्दी. आणि ज्यांना मनुष्यबळ पुरविणारा कंत्राटदार आज येथे, उद्या तेथे पाठवितो, त्यांच्या भीतीबद्दल तर बोलावयासच नको.

भीतीला मात्र खतपाणी लागते, आणि ते वरून येते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील दोएग अदोमीची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चहाडखोर म्हणून त्याचे नाव तीन हजार वर्षे बदनाम आहे. शौल राजाच्या गुराख्यांचा तो मुख्य. दावीद पळून चाललेला असताना नोब गावी याजक अहीमलेखाने त्याला भाकरी दिली आणि गल्याथाची तलवार दिली, हे दोएगाने डोळ्यांनी पाहिले होते, आणि तेच त्याने राजाला सांगितले. परिणाम असा झाला की ८५ याजक मारले गेले आणि सबंध गावावर तलवार चालली.

गोष्ट एवढीच सांगून आपण थांबतो. पण बाविसावा अध्याय सावकाश वाचला तर दोएग तोंड उघडतो त्याच्या आधी कोण बोलतो? शौल राजा बोलतो. झाडाखाली हातात भाला घेऊन बसलेला, भोवती सारे नोकर उभे, आणि राजा त्यांना म्हणतो आहे की तुम्ही सगळे मला फितूर आहात, मला कोणी काही सांगत नाही, माझी कोणाला कीव येत नाही. त्या इशायाच्या पोराकडून तुम्हांला शेते आणि द्राक्षमळे मिळणार आहेत काय, तो तुम्हांला सरदार करणार आहे काय? आता सांगा, ह्या भाषणानंतर दोएग उत्पन्न झाला नसता तरच नवल! ज्या साहेबाने बातमीची भूक दाखविली, त्याच्यापुढे बातमीचे ताट घेऊन कोणीतरी येणारच. दोएग नसता तर दुसरा कोणी आला असता.

दोएगाची आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्याने जे पाहिले ते सांगितले. भाकरी दिली ही गोष्ट खरी, तलवार दिली तीही खरी. सांगितले नाही ते इतकेच की दावीद पळून चालला आहे हे अहीमलेखाला माहीत नव्हते. आपण राजाच्याच कामासाठी निघालो आहोत असे दावीदाने त्याला भासविले होते. कामाच्या जागेवरील कसलेला दुतोंडी मनुष्य खोटे फारसे बोलतच नाही. ‘ती दोन वाजता डोळे मिटून बसली होती’ हे तो सांगतो. ‘तिने सलग दुसरी पाळी केली होती, कारण मीच आले नव्हते’ हे सांगत नाही. म्हणूनच अशा माणसाला ‘तू खोटे बोललास’ म्हणून पकडावयास गेलेले लोक हात हलवीत परत येतात.

ह्या गोष्टीतला एक बारीक तपशील मला फार आवडतो. राजाने याजकांना मारण्याचा हुकूम केला तेव्हा जवळ उभ्या असलेल्या शिपायांनी हात उचलला नाही. बाकी काही त्यांना करता आले नाही, पण एवढे त्यांनी केले. ज्यांना आपण ‘तटस्थ’ म्हणतो त्या सहकाऱ्यांना किती थोडे करून किती मोठे काही करता येते, ते ह्यावरून दिसते.

आता आपल्या स्वतःच्या घरात डोकावू या. इस्राएलमध्ये ‘दुग्री’ म्हणून एक शब्द चालतो. तुर्कीतून अरबीत आणि अरबीतून हिब्रूत आलेला. मनात असेल ते आडपडदा न ठेवता तोंडावर सांगणे म्हणजे दुग्री बोलणे. तामार काट्रिएल नावाच्या विदुषीने १९८६ साली ह्या एका शब्दावर सबंध पुस्तक लिहिले. अरबी बोलणारा दुग्री म्हणतो तेव्हा त्याचा रोख घडले ते खरे सांगण्यावर असतो, आणि येथे जन्मलेला यहुदी दुग्री म्हणतो तेव्हा मनातले मत, कडू असले तरी, सांगून टाकण्यावर असतो, हा तिने दाखविलेला फरक मार्मिक आहे. आपली मंडळी येथे प्रथम आली तेव्हा त्यांना बसमध्ये, दुकानात, कचेरीत सगळीकडे माणसे भांडताहेत असेच वाटले. हळूहळू कळले की हे भांडण नव्हे, हे बोलणे आहे! उलट आपल्याला ‘होदीम गोड असतात, शांत असतात’ असे प्रशस्तिपत्र मिळाले. ते मिळाले म्हणून आपण सुखावलो. परंतु त्या प्रशस्तिपत्राच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे, हे पाहिले नाही.

मुकादम विचारतो, ‘‘गुरुवारपर्यंत होईल ना?’’ आपला माणूस म्हणतो, ‘‘होईल, होईल. कोल बेसेदेर.’’ होणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. पण वरिष्ठाच्या तोंडावर नाही कसे म्हणावयाचे? गुरुवार येतो, काम होत नाही, आणि मुकादम म्हणतो, ‘‘हा माणूस तोंडावर एक सांगतो आणि करतो दुसरेच.’’ म्हणजे आपण ज्याला अदब म्हणतो त्याला समोरचा दुतोंडीपणा म्हणतो. कोण बरोबर?

मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. कोणी आपल्याला घरी बोलावले आणि आपण म्हणालो, ‘पाहू, जमले तर येऊ,’ तर ठाण्यात किंवा अलिबागेत बोलावणाऱ्याला कळते की ही मंडळी येणार नाहीत. तो पाट मांडून वाट पाहत बसत नाही. ‘पाहू’ चा अर्थ दोघांनाही ठाऊक आहे, तेव्हा त्यात फसवणूक नाही. पण तोच ‘पाहू’ येथल्या शेजाऱ्याला हिब्रूत सांगितला तर तो खुर्च्या मांडतो. अदब ही दोघांना कळणारी भाषा असेल तरच प्रामाणिक राहते. एकट्याने पाळलेली अदब समोरच्याला खोटीच वाटणार, आणि त्याचा दोष सर्वस्वी त्याला देता येणार नाही.

मग काय, तोंडावर फाडफाड बोलणे हाच खरेपणा? तेही मला पटत नाही, आणि आपल्या शास्त्रकारांनाही पटलेले नाही. नवरीपुढे नाचताना तिचे वर्णन कसे करावे, ह्यावर तलमुदात वाद आहे. शम्माईच्या पंथाचे म्हणणे, जशी असेल तशी सांगा. हिल्लेलच्या पंथाचे म्हणणे, प्रत्येक नवरी सुंदर आणि सुशील म्हणावी. आपण हिल्लेलच्या बाजूने चालतो. साराने मनात हसून आपला नवरा म्हातारा झाला असे म्हटले, ते अब्राहामाला सांगताना खुद्द परमेश्वराने नवऱ्याचे म्हातारपण गाळून तिचे स्वतःचेच म्हातारपण तेवढे सांगितले, ह्याकडेही ऋषींचे लक्ष गेले आहे. घरातील शांततेसाठी तेवढा फेरफार चालतो.

सर्वांत मौजेचे उदाहरण अहरोनाचे. दोघांचे भांडण झाले की अहरोन एकाकडे जाऊन बसे आणि म्हणे, ‘तो बघ कसा पस्तावला आहे, छाती बडवून घेतो आहे.’ तेथून उठून दुसऱ्याकडे जाई आणि तेच सांगे. शब्दशः पाहिले तर अहरोनही दोन घरी दोन गोष्टी सांगणारा! मग त्याला शांतीचा पुतळा म्हणावयाचे आणि कॉफी करून देणाऱ्या त्या बाईला दुतोंडी, ते कोणत्या न्यायाने? मला सुचलेली कसोटी अगदी साधी आहे. ज्या दोघांना दोन गोष्टी सांगितल्या त्या दोघांची गाठ पडली तर काय होते? अहरोनाच्या त्या दोघांची वाटेत गाठ पडे तेव्हा ते एकमेकांना मिठी मारीत, असे पुढे लिहिले आहे. कॉफीवाल्या बाईला मात्र एकच धास्ती, की ह्या दोघींची कधी निवांत गाठ न पडो.

तर आता मुख्य प्रश्नाकडे येते. अशा माणसाशी वागावे कसे?

वायिक्राच्या एकोणिसाव्या अध्यायात १६ आणि १७ ही दोन वचने लागोपाठ आहेत, आणि त्यांचा क्रम फार विचारपूर्वक लावलेला दिसतो. आधी, आपल्या लोकांत चहाड्या करीत फिरू नकोस. लगेच, शेजाऱ्याचे रक्त सांडत असता नुसता उभा राहू नकोस. मग, भावाचा मनात द्वेष करू नकोस. आणि त्याला लागूनच, त्याला त्याची चूक अवश्य दाखव. मनातला द्वेष आणि तोंडावरचे बोलणे ही जोडी एकाच श्वासात आली आहे. बाराव्या शतकात रांबामने ह्यावर लिहिताना स्पष्ट केले की कोणी आपला अपराध केला तर गप्प राहून मनात अढी धरणे ही दुष्टांची रीत होय. अबशालोम आपल्या भावाशी, अम्नोनाशी, बरे की वाईट एक अक्षर बोलला नाही, आणि दोन वर्षांनी त्याचा खून करविला. तेव्हा त्या माणसाकडे जावे आणि विचारावे, तू माझ्याशी असे का वागलास? एकांतात विचारावे, हळू आवाजात विचारावे.

योसेफाच्या भावांविषयीसुद्धा, ज्यांच्याविषयी चांगले बोलण्यासारखे फारसे नाही, राशी ह्या भाष्यकाराने एक चांगले वाक्य लिहून ठेवले आहे. त्यांना योसेफाशी गोड बोलवेना, असे तोरा सांगते. राशी म्हणतो, त्यांच्या ह्या निंदेतच त्यांची स्तुती आहे. पोटात एक आणि ओठात दुसरे असे त्यांनी केले नाही. पुढे त्यांनी भावाला विकले हे खरेच. म्हणजे नुसता सरळपणा पुरत नाही. पण भावाला विकणाऱ्यांच्या हिशेबातही तेवढी एक जमेची बाजू धरली गेली!

‘असे का वागलास’ हा प्रश्न विचारण्याची एक रीत असते, आणि ती न कळल्यामुळे पुष्कळ लोक एकदा तोंड पोळून घेतात आणि पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. ‘तू दुतोंडी आहेस’ हा प्रश्न नव्हे, तो निकाल झाला. निकाल ऐकून कोणी कबुली देत नाही. कारखान्यातल्या आमच्या गृहस्थांनी शेवटी त्या पोराला पाळी सुटताना एकट्याला गाठून म्हटले, ‘‘मंगळवारी त्या डब्यावर तू माझे नाव सांगितलेस. तो डबा तुझ्या पाळीतला होता. असे का सांगितलेस?’’ माणसाच्या स्वभावाविषयी एक शब्द नाही. वार, डबा आणि कृती. पोराने काही कबूल केले नाही. खांदे उडविले, ‘मला वाटले तुमचाच,’ म्हणाला आणि गेला. पण त्या दिवसापासून प्रत्येक डब्यावर पाळीचा क्रमांक खडूने लिहावा असे ह्यांनी मुकादमाला सुचविले, सर्वांच्या देखत, कोणाचे नाव न घेता. मुकादमाला ते पटले. ‘दोद, दोद’ थोडे कमी झाले, एवढाच तोटा.

संगणकवाल्या तरुणाला मी असेच सांगितले. जेवणाच्या टेबलावर कल्पना जरूर बोलावी, पण त्याआधी चार ओळींत लिहून सगळ्यांना एकदम पाठवावी. आपले संरक्षण करणे म्हणजे दुतोंडी होणे नव्हे. कोणाला काय सांगावे ह्याची मोजदाद ठेवता येते. घरची गाऱ्हाणी, नवऱ्याचे आजारपण, दुसरीकडे नोकरी पाहत आहोत ही गोष्ट, हे सगळे पिनत काफेच्या ओट्यापाशी ओतलेच पाहिजे असे नाही. कमी बोलणे वेगळे आणि उलट बोलणे वेगळे.

पण खरोखरच ‘जाऊ दे’ म्हणावयाचे असेल तर? त्यालाही रांबामने जागा ठेवली आहे. समोरचा मनुष्य अगदीच अडाणी किंवा डोके फिरलेला आहे, त्याला सांगून उपयोग नाही असे पाहून कोणी मनापासून क्षमा केली आणि अढी धरली नाही, तर ती थोरपणाची रीत होय, असे तो म्हणतो. मात्र ‘मनापासून’ हा शब्द विसरून चालणार नाही. आपण जाऊ दिलेल्या कितीतरी गोष्टी तीन-तीन वर्षे दर शब्बाथला चहाबरोबर परत येतात, तिखटमीठ लावून!

तक्रार आणि चहाडी ह्यांतला फरक आपल्यात नीट समजला जात नाही, म्हणून त्याविषयी थोडे. वर्गात मुले रोज ओरडत, ‘‘बाई, हा बघा.’’ मी विचारीत असे, ‘‘तुला मदत पाहिजे, की त्याला शिक्षा झालेली पाहिजे?’’ सात वर्षांचे मूलही ह्याचे उत्तर प्रामाणिकपणे देते. मोठ्यांच्या बाबतीत राडिनच्या रब्बी इस्राएल मेइर कागान ह्यांनी ‘हाफेत्स हाइम’ हे पुस्तक १८७३ साली केवळ ह्याच विषयावर छापले आणि पुढे लोक त्यांना त्या पुस्तकाच्याच नावाने ओळखू लागले. दुसऱ्याच्या हितासाठी कोणाविरुद्ध बोलावे लागले तर ते केव्हा योग्य, ह्याच्या अटी त्यांनी सांगितल्या आहेत. स्वतः पाहिलेले असावे, घाईने निष्कर्ष काढू नये, आधी त्या माणसाला सांगून पाहावे, तिळाचा ताड करू नये, हेतू मदतीचा असावा, दुसरा मार्ग उरलेला नसावा, आणि त्या माणसाला त्याच्या अपराधाहून जास्त इजा होऊ नये. वृद्धाश्रमात कोणी खरोखरच रात्रभर झोपत असेल आणि एखादी आजी पलंगावरून पडत असेल, तर गप्प राहणे हाच अपराध. वचनाचा दुसरा अर्धा भाग, शेजाऱ्याचे रक्त सांडत असता उभा राहू नकोस, ह्यासाठीच आहे. बघा, त्या सोबतिणीला ही काळजी असती तर ती आधी हिच्याशीच बोलली असती. कॉफी देताना रोज संधी होती.

इस्राएलच्या कायद्यानेही साधारण हीच रेघ ओढलेली आहे. बदनामीविरुद्धचा १९६५ चा कायदा नावानेच ‘लाशोन हारा’ चा कायदा आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी, ज्याची बदनामी झाली त्याच्याखेरीज एका माणसाच्या कानावर ती गेली तरी पुरते. आणि सद्‌हेतूने योग्य अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला त्याच कायद्याने संरक्षणही दिले आहे. अर्थात दर चहाडीपाठी कोणी वकिलाकडे धावत नाही, धावूही नये.

एक गोष्ट मात्र मला ह्या सर्वांपेक्षा महत्त्वाची वाटते. मी त्या तिघांनाही विचारले होते, तुमच्या पाठीमागे तो काय बोलला हे तुम्हांला कसे कळले? तरुणाने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. कारखान्यातल्या गृहस्थांनी तपासणीचा कागद पाहिला होता. वृद्धाश्रमातल्या बाईला मात्र तिसऱ्याच एकीने सांगितले होते. ‘‘तू आपली म्हणून सांगते हो, माझे नाव घेऊ नकोस.’’ तोराने चहाडीसाठी ‘राखील’ शब्द वापरला, तो ‘रोखेल’ म्हणजे फेरीवाला ह्या शब्दाचा सख्खा भाऊ. एका दारातून माल घेऊन दुसऱ्या दारात विकणारा. रांबामच्या व्याख्येप्रमाणे ‘अमका तुझ्याविषयी असे म्हणाला’ हे नेऊन पोचविणे, शब्द खरे असले तरी, हीच राखीलकी. आपण राग धरतो तो बोलणाऱ्यावर, आणि पोचविणाऱ्याला मैत्रीण म्हणून जवळ बसवून घेतो, बिस्किटांची बशी पुढे करतो. आणि आपल्या बशीतली बिस्किटे खाऊन ती पुढे कोणत्या दारी जाते?

मी त्या बाईला म्हटले, ‘‘तिला एवढेच सांग की आपण दोघी मिळून तिच्याकडे जाऊ आणि हे तिच्यासमोर बोलू.’’ तिने सांगितले. तेव्हा ती तिसरी म्हणाली की तिची बस चुकेल.

माझ्या नोकरीच्या मधल्या काळात आमच्या शाळेत एक मुख्याध्यापिका बदलून आल्या होत्या. स्वभावाने तुसड्या, वाढदिवस कोणाचे त्यांच्या लक्षात राहत नसत, शिक्षकवर्गात त्या कोणाच्या लाडक्या नव्हत्या. आल्या त्याच आठवड्यात एक शिक्षिका त्यांच्या खोलीत गेली आणि दार लोटून दुसरीविषयी काही सांगू लागली. बाईंनी ऐकता ऐकता फोन उचलला, कारकुनाला म्हणाल्या, ‘‘अमकीला जरा इकडे पाठवा,’’ आणि हिला म्हणाल्या, ‘‘बसा, ती आली की पहिल्यापासून सांगा.’’ पहिल्या वर्षी त्यांनी हे किती वेळा केले ते मला ठाऊक नाही; निदान चार वेळा तर शिक्षकखोलीत बोलले गेले, आणि त्यांच्या उद्धटपणाबद्दल बरीच नापसंती दर्शविली गेली. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी रजेचा अर्ज द्यावयास गेले, तेव्हा त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर कोणी नव्हते. बाई एकट्याच बसून वह्या तपासत होत्या.